मोठ्या टाकीचा तारा

माझी जीभ फार वाईट आहे. हे मी नम्रपणानं सांगत नाही, आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं म्हणे, "पोर मनानं चांगली आहे, फक्त तिचं तोंड तेवढं सांभाळून घ्या." सासूबाईंनी घेतलं बिचाऱ्यांनी. पण शाळेतल्या मुलांनी का म्हणून सांभाळून घ्यावं? त्यांना कुणी विचारलं होतं?

मी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवते. शाळा आठवीपर्यंत. राहायला पाथर्डीतच, रोज जीपनं जाऊन येऊन करते. शिक्षण म्हणाल तर वनस्पतिशास्त्राची पदवी. पानाचा छेद घेऊन दाखवा म्हटलं तर डोळे झाकून दाखवीन. पण खेड्यातल्या शाळेत विज्ञानाची बाई म्हणजे सगळ्याचीच बाई. बेडूक तिचाच, चुंबक तिचंच आणि तारेही तिचेच.

आमच्या गावातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. कुणी श्रीरामपूरकडं, कुणी कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. ती परत येतात उन्हाळ्यात, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप थांबल्यावर. त्यांच्याबरोबर माझा निम्मा वर्गही जातो. म्हणून आमच्या शाळेत पुस्तक सरळ क्रमानं शिकवायची सोय नाही. पहिल्या धड्यापासून सुरू केलं, तर जाणाऱ्या मुलांच्या वाट्याला कायम पुढचेच धडे येतात आणि मागचे धडे जन्मात कधी कानावर पडत नाहीत. मी नोकरीला लागले त्याच वर्षी ठरवलं होतं, ताऱ्यांच्या जीवनयात्रेचा धडा पुस्तकात अगदी शेवटी असला तरी आपण तो दसऱ्याच्या आधी घ्यायचा. उसाच्या फडात उघड्यावर निजणाऱ्या पोरांना निदान वर काय आहे ते माहीत असावं, एवढाच हेतू. या गोष्टीचा मला अभिमान होता. आता लिहितानाही थोडा वाटतोच, आणि त्याची लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबरचा महिना होता, बाजरी काढणीला आलेली, आठवीच्या वर्गात सगळी मिळून तेहतीस मुलं. मी तारा कसा जळतो ते सांगत होते. जळतो म्हणजे चुलीसारखा नाही. ताऱ्याच्या पोटात, अगदी गाभ्यात, हायड्रोजन असतो. तिथं इतकी उष्णता आणि इतका दाब असतो, की हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिसळून त्यांचा हेलियम होतो आणि त्यातून ऊर्जा बाहेर पडते. तीच ऊर्जा म्हणजे आपलं ऊन. सूर्य दर सेकंदाला साठ कोटी टन हायड्रोजन असा संपवतो, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून "आयला!" असा आवाज आला आणि मीही हसले. इथवर सगळं ठीक होतं.

मग मला काय अवदसा आठवली कोण जाणे. पुस्तकात नसलेलं एक वाक्य मी माझ्या पदरचं घातलं. म्हटलं, "आता बघा, तारा जितका मोठा तितका त्याच्याकडं हायड्रोजन जास्त. म्हणजे त्याचं आयुष्यही जास्त. ज्याच्या घरात कणगी मोठी, त्याला वर्षभर चिंता नाही. हो की नाही?"

मी बागायती घरातली. आमच्याकडं धान्याची कणगी तळाला गेलेली मी कधी पाहिलीच नव्हती. ज्याच्याकडं साठा मोठा तो जास्त दिवस टिकणार, यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. सगळ्या वर्गानं "होऽऽ" म्हटलं. खिडकीजवळच्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र हात वर केला.

ती मुलगी अंगानं किरकोळ, वेणी घट्ट, दप्तर म्हणजे खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. तिचे आईबाप तोडणीला जायचे आणि तिला दर वर्षी सोबत न्यायचे. सात वर्षांत एकही पूर्ण वर्ष तिनं शाळेत काढलं नव्हतं. तरी तिला वाचता यायचं, गणितं यायची आणि प्रश्न पडायचे. तेवढंच माझ्या डोक्यात जायचं, प्रश्न.

"बाई, मोठा तारा आदी इझंल ना?"

"का गं?"

"आमच्या मुकादमाच्या ट्रॅक्टरची टाकी लई मोठी हाय. पन दोन ट्रॉल्या वढताना रोज डिझेल वतावं लागतं. चुलत्याच्या फटफटीची टाकी एवढूशी, ती आठ आठ दिस चालती. मोठा तारा लई उजेड पाडतो, म्हंजी त्यो लई खात असंल."

चौदा वर्षांची पोर किती नीट बोलली होती. टाकी किती मोठी ते विचारू नका, गाडी किती पिते ते विचारा, एवढंच तिचं म्हणणं. मी काय केलं? मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अगं शहाणे, वर तारे आहेत का ट्रॅक्टर? आणि डिझेल कुठं भरतात ते? पाथर्डीच्या पंपावर रांग लावून?"

वर्ग खदखदून हसला. मला हशा आवडतो, खोटं कशाला सांगू. वर्ग हसला की तास रंगला असं वाटतं. ती खाली बसली नाही. म्हणाली, "पन बाई, मंग त्यो एवढा उजेड कशातून काढतो?"

झालं, माझं टाळकं सरकलं. उत्तर मला येत नव्हतं, आणि येत नाही हे कबूल करायची सवय नव्हती. "जास्त शहाणपणा नको. मला शिकवतेस का? तास संपेपर्यंत उभीच राहा." ती उभी राहिली. मधल्या सुट्टीत मुलांनी तिचं नाव 'डिझेल' पाडलं. मी ते ऐकलं आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला चाचणी घेतली. मी मुद्दामच प्रश्न घातला होता: लहान तारा आणि मोठा तारा यांपैकी कोण जास्त काळ जगेल? कारण लिहा. मुद्दाम म्हणजे कुणासाठी ते माझं मलाच ठाऊक. बत्तीस मुलांनी मोठा तारा लिहिला. तिनं लिहिलं, "लहान. कारण मोठा तारा हायड्रोजन लवकर खातो." अक्षर टपोरं, खाली दोन रेघा मारलेल्या. मी त्यावर इतक्या जोरात फुली मारली की कागद फाटला. बाजूला लिहिलं, 'शिकवताना लक्ष नसते.' आणि खाली शून्य.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. मास्तर चुकतात, मुलं विसरतात. पण त्याच आठवड्यात तिची आई शाळेत आली.

आमच्या शाळेत तेव्हा हंगामी वसतिगृह चालायचं. आईबाप तोडणीला गेले तरी मुलांनी मागं राहून शिकावं म्हणून दोन वेळचं जेवण आणि झोपायला दोन वर्गखोल्या. त्यासाठी मुलांची यादी दसऱ्याच्या आत करायची असते आणि आठवीची यादी माझ्याकडं होती. ज्यांना आईबाप सोबतच नेणार, त्यांना आम्ही एक हमीपत्रक भरून द्यायचो, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवून घ्यावं. प्रत्यक्षात त्या पत्रकाची घडी तिकडच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, कुडात खोचलेली राहते. उसाच्या पाचटाची ती कोपी मोडली की पत्रकही जातं. हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं.

आई व्हरांड्यात चपला काढून उभी राहिली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बाई, पोरीला औंदा मागं ठिवावं म्हनते. हिचा बाप न्हाई म्हनतोय. बारकं पोरगं हाय, त्याला कोन संबाळणार म्हनतोय. पन मी त्याला म्हनलं, बाईला इचारते. बाई म्हनल्या पोरगी हुशार हाय, तर मी कुनाचं ऐकायची न्हाई. बारक्याचं मी बघते काय ते."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. ती जीप चुकली की पुढची तासाभरानं. माझ्या हातात त्याच उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, वर तिचाच कागद होता की काय असं मला आता वाटतं, पण ते खरं नसेल. मी म्हणाले, "हुशार कसली? अभ्यासात कुठं मन आहे तिचं? नुसतं वाद घालण्यात आहे. सांगितलेलं ऐकत नाही. तुम्हीच ठरवा बाई."

तुम्हीच ठरवा! सगळं ठरवून टाकलं आणि वर हे. त्या बाईचा चेहरा पडला. तिनं एकदाच विचारलं, "व्हय का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या. तुमच्यापरीस आमाला जास्त काय कळतंय." आणि तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी जीप गाठली. जीपमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून मी खूश झाले होते, हेही आठवतं.

दसऱ्यानंतर तोडणीच्या टोळ्या निघाल्या. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या आणि माणसं. हमीपत्रकावर सही माझीच होती. वर्ग सतरा मुलांवर आला आणि शांत झाला. खरं सांगते, मला बरं वाटलं. कुणी मध्येच हात वर करत नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी तालुक्याला विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला तिशीतला एक तरुण सर आला होता, भौतिकशास्त्राचा. दुपारी जेवणानंतर, डोळे मिटायला लागतात त्या वेळेला, त्यानं फळ्यावर दोन वर्तुळं काढली. एक लहान, एक मोठं. म्हणाला, "हा सूर्य. हा दहा सूर्यांएवढ्या वस्तुमानाचा तारा. आधी कोण संपेल?"

मी झटक्यात हात वर केला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "लहान संपेल! मोठ्याकडं इंधन जास्त." आणि वर माझं कणगीचं उदाहरणही दिलं, ठसक्यात.

तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, बहुतेकांना असंच वाटतं. बरं झालं तुम्ही बोललात, आता यावरूनच पुढं जाऊ." आणि त्यानं समजावलं. मोठ्या ताऱ्याचं वजनच इतकं की ते सगळं त्याच्या गाभ्यावर दाबतं. गाभा जास्त दाबला गेला की जास्त तापतो. जास्त तापला की हायड्रोजन भराभरा संपतो, आणि म्हणून तर तो तारा एवढा झळकतो. वस्तुमान दहापट, पण तेज दहापट नाही, काही हजारपट. साठा दहापट आणि खर्च हजारोपट, मग टिकणार किती? आपला सूर्य एकूण हजारएक कोटी वर्षं जगायचा. त्यातलं निम्मं आयुष्य सरलंय, निम्मं बाकी आहे. तो मोठा तारा दोन-तीन कोटी वर्षांत आटोपतो. आणि जे अगदी लहान, मिणमिणते तारे आहेत, जे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत, ते सगळ्यांत जास्त जगतात. इतके, की त्यातला एकही म्हातारा होऊन मेलेला अजून कुणी पाहिलेला नाही.

मग म्हणाला, "मुलांना सोपं करून सांगायचं तर असं सांगा. एक ट्रक आहे आणि एक मोपेड आहे. टाकी ट्रकची मोठी. पण आधी पंपावर कुणाला जावं लागतं?"

खोलीत चाळीसएक शिक्षक होतो. सगळ्यांनी ते उदाहरण वहीत उतरवून घेतलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती छान उदाहरण आहे, नाही?" मीही ते उतरवून घेतलं. हात लिहीत होता म्हणून लिहिलं. कानात नुसता तो वर्गाचा हशा वाजत होता.

घरी आले. नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "एवढं काय त्यात? मार्क वाढवून टाक." त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली होती. त्या पोरीच्या आईला व्हरांड्यात काय बोलले ते सांगायची हिंमत झाली नाही. मग तीन रविवार मी नुसते घालवले. एका रविवारी हळदीकुंकू, एका रविवारी पाहुणे, तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं तरी गेले नाही. जाऊन काय म्हणणार होते? चुकले? आमच्या खात्यात चुकले हा शब्द मुलांनी म्हणायचा असतो. रात्री मेला डोळ्याला डोळा लागेना. पोर आत्ता काय करत असेल, एवढंच डोक्यात.

चौथ्या रविवारी उठले, कपाटातून तिची उत्तरपत्रिका काढली, फुलीवर आडवी रेघ मारली, शून्य खोडून पुरे गुण लिहिले, सही केली आणि एसटी धरली. टोळी श्रीरामपूरकडं आहे एवढंच गावात कळलं होतं. शेवगावला एसटी बदलली, नेवाशाला बदलली आणि विचारत विचारत दुपारी त्या तळावर पोचले. पाचटाच्या पंचवीस-तीस कोप्या एका रांगेत. मोठी माणसं फडात. तळावर फक्त पोरं, शेळ्या आणि धुणं.

ती एका कोपीच्या दाराशी बसली होती. धाकटा भाऊ मांडीवर, आणि पुढं वाढ्याचा ढीग, म्हणजे उसाच्या वरच्या हिरव्या शेंड्यांचा. जनावरांसाठी त्याच्या पेंढ्या बांधत होती. हातांवर उसाच्या पानांनी कापलेल्या बारीक बारीक रेघा. मला बघून ताडकन उभी राहिली, भाऊ कडेवर, आणि सवयीनं म्हणाली, "नमस्ते बाई."

मी जे पाठ करून आणलं होतं ते सगळं विसरले. कागद तिच्या हातात दिला. म्हटलं, "तू बरोबर होतीस. मोठा ताराच आधी संपतो. तुझं ट्रॅक्टरचं उदाहरण एकदम बरोबर होतं. मी चुकले गं. आणि तुझ्या आईला मी जे सांगितलं तेही चुकीचं होतं." बोलता बोलता मला रडू आलं. एवढी पन्नाशीला टेकलेली बाई, उसाच्या तळावर उभी राहून रडतेय! ती घाबरली. आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. कागदाकडं तिनं पाहिलं, पण मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. चेहरा फुलला नाही, की राग आला नाही. म्हणाली, "बरं बाई."

संध्याकाळच्या आत आई फडातून आली. तिला मी उभ्या उभ्या सांगितलं, "पोरीला आत्ता माझ्याबरोबर पाठवा. वसतिगृह अजून चालू आहे, मी हेडसरांशी बोलले आहे. पोरगी हुशार आहे. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं." आईनं कोयता कोपीला टेकवला. मग तिनं फोन लावला. बाप ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर नंबर लावून बसला होता. फोन कानापासून लांब धरूनही त्याचा आवाज मला ऐकू येत होता. "बाई सोताहून आल्यात? मंग दे लावून. पर बारक्याचं काय?" आई म्हणाली, "फडात झोळी बांधीन." म्हणजे माझी चूक निस्तरायला दीड वर्षाचं पोर उसाच्या फडात झोळीत लटकणार होतं. हेही माझ्याच नावावर.

परतीच्या एसटीत अंधार पडला. ती खिडकीशी, मी तिच्या शेजारी. बाहेर तिकांडं वर आलेलं दिसत होतं, एका ओळीतले ते तीन तारे. त्याच्या जवळचा तांबूस तारा मी तिला बोटानं दाखवला. "ती काक्षी. पंधरा-वीस सूर्य मावतील एवढा तिचा ऐवज. पण वय बघशील तर आपल्या सूर्यापुढं अगदी कोवळी. तरी गाभ्यातला हायड्रोजन संपलासुद्धा. म्हणून ती अशी फुगलीय आणि लाल झालीय. पुढं कधीतरी तिचा मोठा स्फोट होणार." मी वाट बघत होते. आता ही विचारील, कधी होणार? मग सूर्याचं काय होणार? हायड्रोजन संपला तर तारा फुगतो कशानं, विझत का नाही? त्या प्रश्नाची तयारी मी रात्र जागून केली होती. ती म्हणाली, "बरं बाई," आणि कागदाची घडी पिशवीत नीट ठेवली.

दमली असेल, असं मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळ्यांसमोर सांगितलं. जसं घडलं तसं. ही बरोबर होती, मी चुकले होते, मी हिला हसले आणि तुम्हीही हसलात. आजपासून ते टोपणनाव बंद. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली मान घालून उभी होती. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी गाढ झोपले. सुटले बुवा एकदाची, असं वाटलं. एवढ्या स्वस्तात सुटता येतं यावर माझा विश्वासही बसला.

ती शिकत राहिली. सगळ्यांच्या आधी वर्गात यायची, फळा पुसायची, वही तर अशी की तपासायला घ्यावी आणि पानं उलटतच राहावं. चाचणीत पैकीच्या पैकी. हेडसर म्हणाले, "मॅडम, तुमच्या पोरीनं नाव काढलं." फक्त हात वर करत नव्हती. मार्च अर्धा सरला तरी एकदाही नाही. मी मुद्दाम तिच्याकडं बघत थांबायचे. ती वहीत बघायची.

एक दिवस मला राहवलं नाही. ताऱ्यांच्या धड्याची उजळणी चालली होती. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'तारा जितका मोठा, तितके त्याचे आयुष्य जास्त.' आणि मागं वळून उभी राहिले. मनात म्हटलं, ऊठ गं बाई. भांड माझ्याशी. टाकी काढ, डिझेल काढ, काय काढायचं ते काढ.

मागच्या बाकावरचा एक जण ओरडला, "बाई, चुकलं! तुमीच म्हनला हुता मोठा आदी संपतो!" दुसरा म्हणाला, "बाई इसरल्या!" सगळा वर्ग हसायला लागला, या वेळी मला. मी हसत हसत तिच्या बाकाजवळ गेले. तिनं माझं वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. टपोऱ्या अक्षरात. खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं. "तुला माहीत होतं ना, हे चुकीचं आहे?"

"व्हय बाई."

"मग बोलली का नाहीस? मी रागावेन असं वाटलं?"

तिनं पिशवी खांद्याला अडकवली. मग अगदी हळू, माझी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तसं न्हाई, बाई. आई म्हनली, मागल्या टायमाला तू बाईशी वाद घातला म्हनून तुला फडात यावं लागलं. आता बाई काय बी लिहू दे, आपन उतरून घ्यायचं."

ते मीच तर तिच्या आईला शिकवलं होतं.